पंपाची नाडी कोणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, विजेची थकबाकी आहे. त्यातच 'पंपाचे दुखणे ओळखणारे यंत्र' हा विषय पाहून सकाळी दोघातिघांनी मला विचारले, "भाऊ, भावाचे सोडून हे काय नवीन काढले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

आपण उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला शिकलो तेव्हा त्यात बैलजोडी धरत होतो. आज गावात बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. नांगरट ट्रॅक्टरची, रोटाव्हेटर ट्रॅक्टरचा, पेरणी ट्रॅक्टरची, ज्वारीची मळणी ट्रॅक्टरवर आणि कापूस बाजारात न्यायचा तोही ट्रॉलीत नाही तर ट्रकमध्ये. बैल आजारी पडला तर आपल्याला कळत होते. रवंथ थांबला, कान गार पडले, नाक कोरडे झाले की घरातली म्हातारीसुद्धा सांगायची, याला आज जुंपू नका. ट्रॅक्टरचे दुखणे मात्र आपल्या हातून निसटले. आता ते ओळखण्याचे काम संगणकावर सोपवले जात आहे, आणि तो संगणक आपल्या घरात नाही, कंपनीच्या घरात आहे. ज्याच्या हातात दुखण्याची ओळख, त्याच्या हातात दुरुस्तीचा भाव. म्हणून हा विषयही भावाचाच आहे.

पंप रडतो, गुन्हा दुसऱ्याचा

माझ्या घरचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वीचा मृग. पाऊस चांगला झाला, तिसऱ्या दिवशी वाफसा आला. पेरणी यंत्र जोडले आणि लिफ्ट उचलेना. उचललीच तर थरथरत उचलायची आणि पंप कुईऽ करून ओरडायचा. वर्कशॉपला फोन केला. दुसऱ्या दिवशी माणूस आला, त्याने आवाज ऐकला आणि सांगितले, हायड्रोलिक पंप गेला. नवा पंप आला, तिसऱ्या दिवशी बसला, बिल हातात पडले. ट्रॅक्टर चालू केला. पंप पुन्हा कुईऽ.

शेवटी गावातल्या मिस्त्रीला बोलावले. त्याने डिपस्टिक काढून तेलावरचा ताकासारखा फेस दाखवला. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पंपावर टेकवून मूठ कानाला लावली. तेच टोक तेल ओढणाऱ्या पाइपावर ठेवून पुन्हा ऐकले. म्हणाला, "पंप रडतो आहे खरा, पण गुन्हा त्याचा नाही. त्याला प्यायला तेल पाहिजे, तो हवा पितो आहे." पाइपाच्या जोडावरची रबरी रिंग चिरली होती. दोन चहाच्या पैशात रिंग आली, अर्ध्या तासात बसली, लिफ्ट उचलली. तोवर वाफसा उडून गेला होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

यंत्र शिकते म्हणजे काय?

मशीन लर्निंग हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. मिस्त्रीच्या हाताखाली दहा-बारा वर्षांचे पोर राहायचे ते कसे शिकायचे? त्याला कोणी पुस्तक दिले नाही. शंभर ट्रॅक्टर त्याच्यासमोर उघडले गेले. उघडण्याआधी आवाज कसा होता हे त्याने ऐकले आणि उघडल्यावर आत काय सापडले हे त्याने पाहिले. असा आवाज म्हणजे असे दुखणे, ही जोडी त्याच्या डोक्यात बसत गेली. एकशेएकावा ट्रॅक्टर आला की तो उघडण्याआधीच सांगू लागला.

संगणकालाही तसेच शिकवतात. फरक इतकाच की त्याला कान नाहीत, त्याला आकडे लागतात. पंपाला कंप मोजणारा एक लहान डबा चिकटवतात. दातऱ्यांचा पंप असेल आणि त्याला दहा दात असतील, तर दर फेऱ्याला दहा हलके ठोके पडतात. पंप मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल तर सेकंदाला सुमारे तीनशे तेहतीस ठोके झाले. सगळे दात चांगले असतील तर ठोके सारखे येतात. एक दात झिजला तर दर फेऱ्याला एक ठोका वेगळा पडतो. आपल्या कानाला तो गोंगाटात ऐकू येत नाही, पण आकड्यांत दिसतो. त्याच्या जोडीला तेलाची उष्णता, दाब, इंजिनाचे फेरे, चाललेले तास असे आकडे द्यायचे. प्रत्येक यंत्रापुढे 'हे बिघडले होते' किंवा 'हे ठीक होते' असा शेरा द्यायचा. हजारो उदाहरणे पाहून संगणक स्वतःच नियम बसवतो: हा आकडा इतक्याच्या वर आणि तो तितक्याच्या खाली असेल तर दुखण्याचा संशय. असे शेकडो नियमांचे झाड तयार करतात आणि शेवटी ग्रामसभेत हात वर करून मत घ्यावे तसे झाडांचे मत घेतात.

यात जादू काही नाही. मिस्त्रीचा अनुभव शंभर यंत्रांचा, संगणकाचा साठ हजारांचा. ही त्याची ताकद खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आपण तंत्रज्ञानाचे विरोधक कधीच नव्हतो. बियाण्याच्या बाबतीत आपण नव्या तंत्राचे स्वातंत्र्य मागितले आणि त्यासाठी भांडलो. यंत्राच्या बाबतीत वेगळे बोलण्याचे कारण नाही.

साठ हजार ट्रकांचा हिशेब

साठ हजार हा आकडा मी उगीच घेतला नाही. स्वीडनमध्ये स्कॅनिया नावाची ट्रक बनवणारी कंपनी आहे. अवजड ट्रकला ब्रेक लावायला आणि गिअर बदलायला दाबाची हवा लागते. ही हवा एक पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, भरत असतो. हवेच्या दाबाची ही यंत्रणा रस्त्यात बिघडली की ट्रक जागेवर उभा राहतो. २०१६ साली स्टॉकहोमला संगणकतज्ज्ञांची एक परिषद झाली. तिच्या निमित्ताने कंपनीने आपल्या ट्रकांचे आकडे जाहीर स्पर्धेसाठी खुले केले. शिकण्यासाठी साठ हजार ट्रक, प्रत्येकाचे १७० आकडे. त्यांतल्या एक हजार ट्रकांत हवेच्या यंत्रणेतला एक ठरावीक भाग बिघडला होता. उरलेल्या ५९ हजारांत दुसरे काही बिघडले होते. परीक्षेसाठी आणखी १६ हजार ट्रक ठेवले. त्यांत ३७५ हवेच्या यंत्रणेचे रोगी होते. ते ओळखायचे.

आता ऐका. समजा, एखाद्या आळशी माणसाने काहीच न तपासता लिहून दिले की सगळे १६ हजार ट्रक ठीक आहेत. त्याचे उत्तर किती बरोबर? १५,६२५ ठिकाणी बरोबर, म्हणजे शंभरात ९७ हून जास्त! कागदावर पहिला वर्ग. पण ज्या ३७५ साठी सारा खटाटोप, त्यांतला एकही सापडला नाही. म्हणून उद्या तुमच्या गावात कोणी मोबाइल घेऊन आला आणि 'आमचे यंत्र ९७ टक्के अचूक आहे' असे सांगू लागला, तर त्याला पहिला प्रश्न विचारा: बिघडलेल्यांपैकी किती सापडले?

कंपनीला हे माहीत होते. म्हणून तिने टक्के मोजलेच नाहीत, चुकांची किंमत ठरवली. चांगला ट्रक उगीच तपासायला बोलावला तर दंड १०. बिघडलेला ट्रक सुटला आणि रस्त्यात उभा राहिला तर दंड ५००. ज्याचा एकूण दंड सर्वांत कमी तो पहिला.

हिशेब मांडून पाहा. सगळे ठीक म्हणणाऱ्या आळशाचा दंड ३७५ गुणिले ५००, म्हणजे १,८७,५००. सगळेच तपासायला बोलावणाऱ्या भित्र्याचा दंड १५,६२५ गुणिले १०, म्हणजे १,५६,२५०. पहिल्या आलेल्या जोडीचा दंड ९,९२०. त्यांनी ३७५ पैकी ३६६ रोगी पकडले, नऊ सुटले, आणि ५४२ चांगल्या ट्रकांना उगीच बोलावले. काम उत्तम झाले, यात शंका नाही.

आता तुमच्या लक्षात आले असेल. या सगळ्या शहाणपणाच्या मुळाशी दोन आकडे आहेत, १० आणि ५००. ते संगणकाने शोधून काढलेले नाहीत, माणसाने बसून ठरवले आहेत. एकावन्न ट्रकांची लक्षणे सारखीच आहेत आणि त्यांतला एकच खरा रोगी आहे असे धरा. सगळ्यांना बोलावले तर पन्नास फुकट गेले, दंड ५००. कोणालाच बोलावले नाही तर एक सुटला, दंड ५००. म्हणजे या भावाने एकावन्नात एक इतका संशय आला की घंटा वाजवायची. दंडाचे आकडे बदला, घंटा वाजण्याची जागा बदलते. पंप तोच, कंप तोच, यंत्र तेच, पण निकाल वेगळा.

वाफशाचा भाव कोण धरणार?

स्वीडनच्या ट्रकला ते दोन आकडे शोभतात. आता ते कोरडवाहू शेतात आणून पाहू. मी काही आकडे समजा म्हणून धरतो, तुम्ही घरी जाऊन आपले आकडे घाला.

वैशाख आहे. नांगरट झाली, ट्रॅक्टर सावलीत उभा आहे. पंपावर संशय आला आणि मिस्त्रीला बोलावून तपासले, तर एक हजार रुपये गेले. न तपासता तसाच ठेवला आणि पेरणीत बंद पडला, तर वाफसा गेला, वीस हजारांचा फटका. एकास वीस. एकविसात एक इतका संशय असला तरी वैशाखात तपासून घेणे फायद्याचे.

आता मृग लागला, पाऊस पडला, वाफसा आला. त्या दिवशी घंटा वाजली आणि तिचे ऐकून ट्रॅक्टर दोन दिवस वर्कशॉपला उभा केला. संशय खोटा निघाला. नुकसान किती? वाफसा गेला, तेच वीस हजार. म्हणजे त्या दिवशी खोटी घंटा आणि सुटलेले दुखणे, दोघांची किंमत जवळपास बरोबरीत आली. अशा दिवशी दोनात एक इतका पक्का संशय असल्याशिवाय ट्रॅक्टर थांबवायचा नसतो. संध्याकाळपर्यंत पेरून घ्यायचे आणि मग काय ते पाहायचे.

ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे त्याला ही बाब इतकी टोचत नाही. त्याचा ओलावा त्याच्या हातात असतो. आपल्याकडे ओल चार दिवसांची. एकदा वाळली की पुढच्या पावसापर्यंत आभाळाकडे पाहायचे, आणि उशिरा पेरलेल्या पऱ्हाटीचे काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. रब्बीच्या ज्वारीचे तसेच. जमिनीत साठलेल्या ओलीवरच तिचे सगळे आयुष्य जाते, आठवडा चुकला की कणसात दिसते. आपल्या पंपाच्या दुखण्याचा भाव पंचांग बघून बदलतो. दूरच्या कार्यालयात बसून एकदाच ठरवलेला भाव आपल्या शेतावर चुकीचाच ठरणार.

खोटी घंटा कोणाचा धंदा?

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. स्पर्धेत खोट्या घंटेला दंड होता. व्यवहारात तो दंड कोण भरतो? तुम्ही भरता. आणि मिळतो कोणाला? ज्याचे वर्कशॉप आहे, ज्याचा सुटा भाग विकला जातो, त्याला. घंटा वाजवणारा आणि पंप विकणारा एकच असेल, तर खोटी घंटा हा त्याचा तोटा राहत नाही, विक्री होते.

मी कोणावर लबाडीचा आरोप करत नाही. कंपनीत बसलेला माणूस सज्जन असेल. पण आपल्या संघटनेने आपल्याला शिकवले आहे, की माणसाची नियत तपासत बसू नका, व्यवहार कसा बांधला आहे ते पाहा. वॉरंटीच्या आत असताना पंप फुकट बदलून द्यावा लागतो, तेव्हा घंटा उशिरा वाजण्यात फायदा. वॉरंटी संपली की घंटा लवकर वाजण्यात फायदा. यंत्राला पाप-पुण्य नाही, त्याला दिलेले दोन आकडे तेवढे आहेत. ते आकडे ज्याच्या हातात, त्याच्या बाजूने यंत्र बोलणार.

कापसाच्या खरेदीला ज्यांनी गाड्या लावल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मूठभर कापूस उचलला, बोटांत फिरवला, आणि प्रत एक पायरी खाली. का? कवडी किती होती, ओल किती होती, धागा किती होता? उत्तर नाही. निकाल आहे, कारण नाही. आपण तेव्हा काय मागितले? प्रतवारी बंद करा असे म्हटले नाही. मोजमाप दाखवा, असे म्हटले.

इथेही तेच आहे. त्या स्पर्धेतल्या १७० आकड्यांची नावे कंपनीने व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवली होती. स्पर्धेत भाग घेणाऱ्याला आकडा दिसत होता, तो दाबाचा की उष्णतेचा हे कळत नव्हते. स्पर्धेपुरते ते चालले. पण माझ्या ट्रॅक्टरचे आकडे माझ्यापासून झाकले आणि फक्त 'पंप खराब' इतका निकाल मला दिला, तर मी तो कसा पारखू? गावच्या मिस्त्रीने 'पंप हवा पितो आहे' असे कारण दिले होते. कारण दिले म्हणून मला ते डोळ्यांनी पाहता आले.

बिलबुकातून शिकलेले शहाणपण

आता माझ्या ट्रॅक्टरच्या गोष्टीकडे परत येऊ. त्या वर्कशॉपच्या वहीत माझ्या ट्रॅक्टरपुढे काय लिहिले गेले असेल? 'लिफ्ट उचलत नाही, पंप बदलला.' रबरी रिंगेचा उल्लेख कुठेच नाही, कारण ती मिस्त्रीने बदलली आणि मिस्त्रीची वही नसते. उद्या संगणक त्या वर्कशॉपच्या वहीवरून शिकला, तर काय शिकेल? पंप कुई करू लागला की पंप बदलावा. वर्कशॉपची चूक यंत्राच्या डोक्यात पक्की बसेल आणि हजार गावांत एकाच वेळी बोलू लागेल. तेही संगणकाच्या अधिकाराने, म्हणजे वाद घालायची सोय नाही.

नोंद किती मोलाची असते ते स्वीडनच्याच दुसऱ्या कामात दिसते. हाल्मस्टाड विद्यापीठाच्या संशोधकांनी व्होल्वोच्या ट्रकांच्या कॉम्प्रेसरवर काम केले, ते २०१५ साली प्रसिद्ध झाले. ट्रक वर्कशॉपात आला की त्याच्या संगणकातले आकडे उतरवून घ्यायचे, ते दुरुस्तीच्या जुन्या नोंदींशी जोडायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या ठरलेल्या सर्व्हिसपर्यंत हा कॉम्प्रेसर टिकेल की नाही? आपलाही प्रश्न हाच असतो. हा पंप खरीप काढील का? ट्रकवाल्यांना उत्तर शोधता आले, कारण त्यांच्याकडे दोन वह्या होत्या: यंत्राच्या आकड्यांची आणि दुरुस्तीची. आपल्याकडे एकही नाही. आणि स्वीडनच्या थंडीत डांबरी रस्त्यावर धावलेल्या ट्रकची वही आपल्या काळ्या मातीच्या चिखलाला, वैशाखातल्या धुळीला आणि दिवसभर रोटाव्हेटर ओढणाऱ्या लहान ट्रॅक्टरला लागू पडणार नाही.

बाहेरचे शेतकरी काय करत आहेत?

कोणी म्हणेल, आपले ट्रॅक्टर जुने, त्यांना कुठे संगणक आहे? आज नसेल. पण ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे मानक लागू झाले आणि ते पाळण्यासाठी डिझेलचा पंप विजेच्या मेंदूच्या ताब्यात गेला. जुना पंप खोलून, घासून, एलिमेंट बदलून तालुक्याचा पंप-नोझलवाला चालू करत होता. नव्या पंपाला आधी लॅपटॉप जोडावा लागतो. लॅपटॉपची किल्ली कोणाकडे, हा पुढचा प्रश्न.

अमेरिकेतले शेतकरी या प्रश्नात आपल्या आधी सापडले. तिथल्या मोठ्या ट्रॅक्टरात बिघाडाचा संकेत पडद्यावर येतो, पण तो पूर्ण वाचायचे आणि दुरुस्तीनंतर यंत्र पुन्हा चालू करायचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच राहते, अशी त्यांची तक्रार. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांना बरोबर घेऊन जॉन डिअर कंपनीवर याच मुद्द्यावर दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. युरोपात आकड्यांच्या हक्काचा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जोडलेल्या यंत्रातून जे आकडे निघतात ते यंत्र वापरणाऱ्याला मिळाले पाहिजेत, आणि त्याने सांगितले तर दुसऱ्या दुरुस्तीवाल्यालाही दिले पाहिजेत, असे तो म्हणतो.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्यांदा जी चार क्षेत्रे धरली त्यांत शेतीची अवजारे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे पोर्टलही सुरू झाले. ठीक आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पोर्टलवर माहितीपत्रक आले म्हणून पंपाची नाडी आपल्या हातात येत नाही.

मागायचे काय आणि करायचे काय?

सरकारने ट्रॅक्टर तपासणारे ॲप काढावे, त्याला अनुदान द्यावे, अशी मागणी कृपा करून कोणी करू नका. अनुदानाच्या मागून कोण येतो ते आपण पाहिलेले आहे. आपली मागणी चार वाक्यांत बसते.

पहिली, ट्रॅक्टर माझा तर त्याचे आकडे माझे. मी मागेन तेव्हा मला आणि मी सांगेन त्या मिस्त्रीला ते वाचता आले पाहिजेत.

दुसरी, घंटा वाजली तर कारणासह वाजली पाहिजे. कोणता आकडा, किती चढला, कधीपासून.

तिसरी, यंत्र विकणाऱ्याने चुकांचा हिशेब द्यावा. किती घंटा खोट्या निघाल्या आणि किती दुखणी सुटली, दोन्ही. नुसते टक्के नकोत.

चौथी, थांबायचे की पेरायचे हा निर्णय शेतावर उभ्या असलेल्या माणसाचा. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. बाकी वेळी पडद्यावरच्या संकेताने ट्रॅक्टर परस्पर बंद होता कामा नये.

हे झाले मागण्याचे. पण दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याची स्वतःची वही कोरी असून चालत नाही. म्हणून करायचे काम सांगतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रत्येक ट्रॅक्टरची एक वही घाला. दोनशे पानी साधी वही चालेल. त्यात तारीख, मीटरवरचे तास, कोणते अवजार जोडले होते, तेल आणि फिल्टर कधी बदलले, हे लिहा. बिघाड झाला तर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: काय दिसले किंवा ऐकू आले, काय बदलले, आणि बदलल्यावर दुखणे गेले की राहिले. ही तिसरी गोष्ट कोणीच लिहीत नाही आणि सगळे मोल तिच्यात आहे. माझ्या वहीत 'पंप बदलला, दुखणे राहिले, रिंग बदलली, दुखणे गेले' असे असते, तर ती एक ओळ दहा बिलांपेक्षा खरी ठरली असती.

महिन्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर, मीटरचा काटा नेहमी एकाच फेऱ्यावर ठेवून, पंपापासून हातभर अंतरावर मोबाइल धरून अर्धा मिनिट आवाज भरून ठेवा. नावात तारीख आणि तास घाला. नुसत्या आवाजाने सगळे कळेल असे मी म्हणत नाही. पण मे महिन्यातला आवाज जानेवारीच्या आवाजाशेजारी लावून ऐकला तर फरक आपल्या कानालाही कळतो, आणि मिस्त्रीला नक्की कळतो.

मिस्त्रीला बरोबर घ्या. तो काय बोलतो ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि तपासणीचे पैसे द्या, भाग बदलला नाही तरी द्या. भाग बदलल्याशिवाय पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर तोही उद्या भाग बदलायला शिकेल. लिहायचे काम घरातल्या मुलीकडे द्या, तिचे अक्षर तुमच्यापेक्षा चांगले आहे आणि ती तारीख विसरत नाही.

एका वहीने काही होत नाही. दहा गावांच्या शंभर वह्या झाल्या, तीन हंगाम चालल्या, की त्यातून शिकणारे यंत्र बनवणारी पोरे आपल्याच घरांतून कॉलेजात गेली आहेत. त्यांना आपण सांगू: बाबांनो, घंटा बसवा, पण तिचे दोन भाव आमच्याकडून घ्या. वैशाखात एकविसाला एक आणि वाफशाला दोनास एक. कोणत्याही परदेशी कार्यालयाला हे कळणार नाही, कारण त्याला वाफसा हा शब्दच माहीत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने निदान पाच वह्या घेऊन याव्यात. भाषण त्या दिवशी कमी करू, वह्या वाचू.

बैलाचे दुखणे ओळखायला आपल्याला कोणाला विचारावे लागत नव्हते. ट्रॅक्टरचे ओळखायलाही विचारावे लागू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

जय किसान!